शिदोबाची पाल आणि भालेराव सर

भालेराव सरांच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द कधी निघायचा नाही. आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती, त्यामुळे नोकरीची बरीच वर्षं मी त्यांचं ‘बहुतेक’ ऐकत काढली. “सर, शिरूरची एसटी गेली का?” “बहुतेक गेली. आवाज आला, गाडी दिसली नाही.” माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हाही ते ‘बहुतेक येऊ’ म्हणाले. लग्नाच्या दिवशी मांडवात खुर्च्या लागायच्या आधी वहिनींना घेऊन हजर होते, आणि खुर्च्या लावायलाही लागले.

प्राचार्यांना याचा फार राग यायचा. वर्गात पोरांना मात्र गंमत वाटायची. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, असं एकीने विचारलं तर म्हणाले, “पुस्तकात तीन आहेत. मी आजवर जेवढे बघितले, त्यांनाही तीनच होते.” पोरगी म्हणाली, “मग पेपरात काय लिहू, सर?” त्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “पेपरात तीन लिही.”

उंच, सडसडीत, थोडे पुढे वाकून चालणारे. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसायची. बोटाने कधी काही दाखवायचे नाहीत, हनुवटी त्या दिशेला करायचे. हात उचलला की सावली हलते आणि सावलीला जनावर बुजतं, ही त्यांची डोंगरावरची सवय. ती कॉलेजातही गेली नाही. “मॅडम, तुमचं पेन” म्हणून ते हनुवटी करायचे आणि मी टेबलभर पेन शोधत बसायचे.

स्टाफरूममध्ये पाल निघाली की आरडाओरडा व्हायचा आणि कुणीतरी सरांना हाक मारायचं. ते जेवणाचा रिकामा डबा घेऊन यायचे, भिंतीवर अलगद पालथा ठेवायचे, मागून पुठ्ठा सरकवायचे आणि तिला बाहेर चिंचेवर सोडून यायचे. परत येऊन म्हणायचे, “घाबरली होती बिचारी.” आमच्यापैकी कुणाबद्दल बोलले की पालीबद्दल, ते कधी कळायचं नाही. पोरं त्यांना मागे ‘पाल सर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

राहायला ते वडगाव रासाईला, भीमेच्या काठी. तिकडे सगळी काळी जमीन आणि ऊस. दगड बघायचा तर नदी ओलांडून दौंडच्या बाजूला जावं लागतं. दर रविवारी सर जुन्या स्कूटरवर बसून भीमा ओलांडायचे, रेल्वेचं फाटक ओलांडायचे, हायवे ओलांडायचे आणि शिदोबाच्या रांगेला जाऊन पोचायचे. रांग म्हणजे फार मोठं काही नाही. एकाला एक लागून असलेल्या उघड्याबोडक्या टेकड्या, मध्ये काळे कातळ, आणि सगळ्यात उंच टेकडीवर शिदोबाचं देऊळ. पायथ्याला धनगरांची वस्ती आहे. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता बोअर मारून कांदा आणि ऊस करतात.

वहिनींना पालीची भयंकर भीती. एकदा मी घरी गेले होते तेव्हा चहा देता देता म्हणाल्या, “लगीन ठरलं तवा सांगितलं, मुलगा मास्तर हाय, शांत हाय. पालींच्या मागं फिरतो हे न्हाई कुणी सांगितलं. सांगितलं असतं तर मी व्हय म्हनले नसते.” सर समोर बसून चहा पीत होते. “बहुतेक म्हणाली असतीस,” ते म्हणाले, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या डोंगरावरच्या पालीकडे पहिल्यांदा सरांचं लक्ष गेलं, ते ती दिवसा दिसली म्हणून. घरातली पाल दिवे लागले की निघते. ही भर दुपारी कातळाच्या सावलीच्या अंगाला फिरत होती. वस्तीवरच्या लोकांना ती माहीत होती, पण ते घरच्याच पालीचं पिल्लू समजत. सरांनाही आधी तसंच वाटलं. मग त्यांनी पाहिलं की ही ‘पिल्लं’ मोठी होत नाहीत. बोटाच्या दोन पेरांएवढी, दगडाच्या रंगाची, पाठीवर फिकट ठिपके. घरच्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असते, हिची बाहुली गोल. पायाची बोटं काटकुळी, वाकडी. काचेवर चढू शकणार नाही, पण कातळाच्या खरबरीत अंगावर पाणी ओघळावं तशी सरकते.

मला त्यांनी एकदा ती दाखवली होती. आमच्या स्टाफची सहल शिदोबाला गेली होती. बाकीचे देवळापाशी भेळ करत बसले आणि सर मला आणि इतिहासाच्या मॅडमना खालच्या कातळाकडे घेऊन गेले. “आता इथं बसायचं आणि बोलायचं नाही.” आम्ही बसलो. समोर नुसता दगड. बऱ्याच वेळाने दगडाचा एक तुकडा हलला. मी दचकले, तशी ती थांबली आणि मान किंचित वळवून आमच्याकडे बघत राहिली. सरांनी हनुवटीने वर दाखवलं. कातळाच्या पुढे आलेल्या कपारीला आतून वाटाण्याएवढी पांढरी अंडी चिकटलेली होती, दोन-दोनच्या जोडीने. शेजारी जुन्या अंड्यांचे डाग, चुन्याचे ठिपके उडावेत तसे. “एकाच कपारीला येतात,” सर कुजबुजले. “आई जिथं घालून गेली तिथंच लेक घालते. बहुतेक.”

खाली उतरताना ते आपणहून बोलले, जे फार क्वचित व्हायचं. त्यांचे वडील खडी फोडायचे. रस्त्याच्या कामावर, उन्हात, तोंडाला फडकं बांधून. शाळा सुटली की सर डबा घेऊन जायचे आणि शेजारी बसून राहायचे. “दगडाकडे बघून ते सांगायचे, तडा कुठून जाणार. घाव तिथंच घालायचे. दगडाकडे बघायला मी तिथंच शिकलो. ते तडा बघायचे. मी तड्यात कोण हाय ते बघतो.” वडिलांना पुढे छातीचा आजार झाला आणि सर बी.एस्सी.ला असताना ते गेले.

ही पाल वेगळी आहे, हे सरांना कितीतरी वर्षं वाटत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका विद्यार्थ्याने हट्टाने तिचे फोटो पुण्याच्या एका संशोधक मुलीला पाठवले. तिचं नाव ईशा. ती आठवड्यातच येऊन धडकली. परवानग्या काढून तिने थोड्या पाली नेल्या. त्या डबीत घालताना सर पाठ करून उभे राहिले होते, असं तीच मला पुढे म्हणाली. तपासण्या झाल्या आणि कळलं की ही जात शास्त्राला माहीतच नव्हती. आतापर्यंत फक्त याच रांगेत सापडलेली.

नाव काय द्यायचं, हे ईशाने सरांना न विचारता ठरवून टाकलं होतं. भालेराव सरांचंच नाव. सांगायला ती कॉलेजात आली, पेढे घेऊन. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर अवघडून उभे होते. म्हणाले, “नको. माणसाचं नाव दिलं की लोक माणसाकडे येतात. डोंगराचं द्या, म्हणजे डोंगरावर जातील.” ईशाने खूप समजावलं, पण सर हळू आवाजातच हट्टी होते. त्या पालीला शिदोबाचं नाव मिळालं. पेपरात चार ओळी आल्या. वस्तीवरच्या रामा आप्पांनी, म्हणजे शिदोबाच्या पुजेकऱ्यांनी, सरांना फेटा बांधला. तेव्हा तिथे म्हणे सर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत खडीवाले आले.

रस्ते रुंद होत होते, रांजणगावकडे कारखान्यांचे शेड वाढत होते, सगळ्यांना खडी हवी होती. शिदोबाच्या रांगेच्या खालच्या निम्म्या भागात खाण आणि क्रशर टाकायचा प्रस्ताव आला. देवळाची टेकडी सोडून. अंड्यांची ती कपार खालच्या भागात होती. वस्तीत दोन तट पडले. तरुण पोरांना डंपर दिसत होते. रामा आप्पांना आपली विहीर आटताना दिसत होती. ते सरांकडे वडगावला आले आणि म्हणाले, “सर, आमचं कोन ऐकंल? पानी जाईल म्हनलं तर म्हनत्यात टँकर देऊ. पर ही पाल त्यांना दुसरीकडून आणून देता यायची न्हाई. तुमीच बोला.”

जनसुनावणी वस्तीवरच्या शाळेपुढे मांडव घालून झाली. कॉलेजातून आम्ही तिघं-चौघं गेलो होतो. ईशा तेव्हा परदेशात शिकायला गेलेली, तिने तिचं म्हणणं लिहून पाठवलं होतं. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते उठले आणि चांगले बोलले. आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलले. पाल कशी राहते, अंडी कुठं घालते, कपार फुटली तर ती दुसरीकडे का जाणार नाही. मांडवात शांतता होती. मला वाटलं, जमलं.

मागून एक पोरगा उठला. रामा आप्पांच्याच भावकीतला. “सर, राग मानू नका. तुमचे वडील खडीच फोडायचे ना? त्याच खडीवर तुमी शिकला. मग आमची खडी का बंद करता?”

सर त्याच्याकडे बघत राहिले. “हो,” ते म्हणाले. “फोडायचे.”

मग खाणवाल्यांचा वकील उठला. अगदी नम्र माणूस. म्हणाला, “सर, तुमच्याबद्दल आदर आहे. मला फक्त एक सांगा. ही पाल जगात दुसरीकडे कुठेही नाही, असं तुम्ही खात्रीने सांगता का?”

माझ्या शेजारी रामा आप्पा बसले होते, ते पुटपुटले, “म्हना सर, व्हय म्हना.”

सर म्हणाले, “मी बघितलेल्या डोंगरांवर नाही.”

“न बघितलेल्या?”

“जिथं मी गेलो नाही, तिथलं कसं सांगू?”

“म्हणजे असू शकते.”

“असू शकते.”

“धन्यवाद, सर,” वकील म्हणाला आणि खाली बसला. लिहून घेणाऱ्या कारकुनाने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि ते वाक्य लिहिलं.

परतताना मी सरांना माझ्या गाडीत घेतलं होतं. पुलावर आलो तेव्हा मला राहवलं नाही. “सर, एक शब्द होता. कुणी तपासायला येणार नव्हतं.” त्यांनी खिडकीतून नदीकडे बघत उत्तर दिलं, “मॅडम, पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, बघितल्याशिवाय लिहू नका. आन् आज मी काय करायचं होतं?” त्यांच्या तोंडून ‘आन्’ निघालं म्हणजे ते फार दुखावलेले आहेत, एवढं मला एव्हाना कळत होतं.

काही महिन्यांनी मंजुरी आली. आजही मला वाटतं, सर काहीही बोलले असते तरी ती आलीच असती. मांडवात मागे उभ्या असलेल्या खाणवाल्यांच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ते आधीच दिसत होतं. सरांना मी हे अनेकदा सांगितलं. त्यांनी ते कधी मान्य केलं नाही.

रामा आप्पांनी बोलणं टाकलं. रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघायचे. ज्या पोरांना खाण हवी होती, ती मात्र सर दिसले की हाक मारायची, “सर, या, चहा घ्या.” सरांना हे जास्त लागलं. कॉलेजात कुणी उघड बोललं नाही, पण ‘बहुतेक’ हा शब्द स्टाफरूममध्ये चेष्टेने फिरायला लागला. एकदा सरांसमोरच कुणीतरी तो वापरला आणि चारजण हसले. त्या दिवसापासून सर जेवायला प्रयोगशाळेत बसायला लागले.

पहिला सुरुंग उडाला त्या रविवारी ते तिथे गेले नव्हते. दुसऱ्याच एका डोंगरावर गेले होते. आणि त्यानंतर दर रविवारी वेगळ्या डोंगरावर. आधी मला वाटलं, त्यांना आता ती जागा बघवत नसेल. वहिनींनी मला खरं सांगितलं. “दुसरीकडं घावती का बघत्यात, मॅडम. घावली म्हंजी मग तेंच्या जिवाला बरं वाटंल. म्हंजी ते खोटं न्हाई बोलले, आन् ती बी मेली न्हाई.”

तेव्हा मला त्यांची धडपड समजली. या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट जगाला दिली होती, फक्त याच रांगेत सापडलेली ही पाल. आता ती दुसरीकडेही सापडावी म्हणून तो डोंगर पालथे घालत होता. निवृत्ती झाली, तसे रविवारचे रोजचे दिवस झाले. दौंडची बाजू संपली, मग पुरंदरकडचे, बारामतीकडचे, इकडे पारनेरचे कातळ. कुठे घरच्या पाली, कुठे दुसऱ्या जातीच्या खडकातल्या. ईशा परत आली, तिनेही तिच्या विद्यार्थ्यांना घेऊन शोधलं. सापडली नाही. फोनवर मी विचारायचे, “काही?” तिकडून ते हवापाण्याचं बोलायचे.

देवळाच्या टेकडीवर थोड्या पाली उरल्या होत्या. क्रशरची भुकटी तिकडे उडून बसायची, कातळ पिठात घोळल्यासारखे पांढरे झाले होते. त्या रंगावर ती लपत नाही, ससाणा अलगद उचलतो, असं ईशा म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात तिला तिथे एकही दिसली नाही. हे तिने मला सांगितलं आणि विचारलं, “सरांना कसं सांगू?” मी म्हटलं, “सांगूच नकोस.” पण तिने सांगितलं. तीही त्यांचीच विद्यार्थिनी झाली होती. सर ऐकून म्हणाले, “बरं झालं तू जाऊन बघितलंस.”

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि साखरेमुळे ऑपरेशन लांबत होतं. स्कूटर मुलाने विकून टाकली. मुलगा कारेगावला कंपनीत, त्याने दोघांना तिथल्या फ्लॅटवर नेलं. मी भेटायला गेले तेव्हा सर गॅलरीत बसलेले. खाली शिफ्ट सुटलेली, हिंदीत बोलणाऱ्या पोरांची गर्दी. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. वहिनी बारीक आवाजात म्हणाल्या, “जेवत न्हाईत. कुठंतरी फिरवून आना तुमी. माझं ऐकत न्हाईत.”

सर वारले, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

मी त्यांना गाडीत घातलं. कुठं जायचं विचारलं, तर त्यांनी एका टेकडीचं नाव सांगितलं. शिदोबाच्या रांगेपासून बरीच लांब, एकटीच उभी असलेली. एकदा वरवर पाहिली होती, पण मागची बाजू राहिली होती म्हणाले. मी गाडी पायथ्याला लावली. त्यांच्या एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. अर्ध्या वाटेवर त्यांना धाप लागली तेव्हा मी म्हटलं, इथंच बसू. ते ऐकेनात. मागच्या बाजूला आलो. तिथे खरंच कातळ होता, सावलीतला, पुढे आलेला, खाली कपारी. सगळं तसंच, जसं त्यांनी मला कधीकाळी दाखवलं होतं.

सरांना एका दगडावर बसवलं. ते म्हणाले, “मॅडम, मला दिसत नाही. तुम्ही बघा.”

मी गुडघ्यावर बसले, मोबाइलचा उजेड केला आणि पहिल्या कपारीत डोकं घातलं. कोळ्यांची जाळी. मुंग्या. मधमाश्यांचं एक जुनं पोळं. अंडी नव्हती, अंड्यांचे डाग नव्हते. मी वर बघितलं. सर तोंड पुढे करून माझ्या आवाजाची वाट बघत बसलेले. त्यांच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आलेला आणि ओठ थोडे उघडे. माझ्या मनात आलं, म्हणावं, आहेत सर, दोन अंडी आहेत, जोडीने. आता कोण तपासायला येणार होतं? तेवढ्यावर हा माणूस घरी जाऊन भाकरी खाईल.

“नाहीत, सर,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले. मग म्हणाले, “शेजारची बघता का?”

मी शेजारची पाहिली. मग तिच्या वरची, मग खालची. प्रत्येक वेळी ते विचारायचे आणि मी काय दिसतं ते जसंच्या तसं सांगायचे, जाळं तर जाळं, माती तर माती. उन्हं समोरच्या उतारावरून सरकत पलीकडे गेली. माझे गुडघे सोलले होते. कातळाच्या टोकाला, उंचावर, माझा हात न पोचणारी एक कपार राहिली. मी ते सरांना सांगितलं. ते उठले, काठी टाकली, कातळाला दोन्ही हात लावून चाचपडत तिथवर गेले, आणि खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, आतला दगड हळूहळू बोटांनी चाचपू लागले.